लेकीचा परवाना आणि कॅनडातलं लंडन

मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणाले, म्हणून लिहितो. मी आठवी शिकलेला माणूस. सारी उमर कारखान्यात लेथ मशीनवर गेली. तिकडे झाडं कशी लाल होतात, बर्फ कसा पडतो, हे ज्याला वाचायचं असेल त्याने दुसरं पान उलटावं. मी झाडं बघायला गेलो नव्हतो. माझ्या लेकीला तिकडे कोणी फसवलंय का, ते बघायला गेलो होतो.

सोनागिरी

जयू माझी एकुलती एक. फार्मसीची डिग्री घेऊन इथे भोपाळला आमच्या कारखान्याच्या हॉस्पिटलात औषधाच्या खिडकीवर बसायची. टाउनशिपमधल्या अर्ध्या लोकांचं बीपी तिला तोंडपाठ. खिडकीतून नुसता हात आत गेला तरी ओळखायची. "काका, काकूंच्या शुगरच्या गोळ्या मागच्याच आठवड्यात नेल्या ना? पुन्हा कशाला?" नाव नाही, गाव नाही, हातावरून औषध. लोक तिला फार्मासिस्ट मॅडम म्हणत. मी तिच्या खिडकीसमोरून उगाच एक चक्कर मारून यायचो.

मग लग्न झालं. जावई नितीन तिला घेऊन कॅनडाला गेला. दोनेक वर्षांनी फोनवर म्हणते, "बाबा, मी टेक्निशियन होतेय."

आमच्याकडे टेक्निशियन म्हणजे पंखा दुरुस्त करणारा. मी म्हणालो, "तू तर फार्मासिस्ट होतीस. खाली कोणी उतरवलं?"

"कोणी नाही उतरवलं. इथे आपली डिग्री तशीच्या तशी चालत नाही. फार्मासिस्टचा रस्ता फार लांबचा आहे. टेक्निशियनची लेखी परीक्षा झाली, प्रॅक्टिकल झालं. आता दुकानातलं ट्रेनिंग पास झालं की परवाना."

मला पटलं नाही. मला वाटलं, यात जावयाचा हात आहे. बायको आपल्या वरचढ होऊ नये म्हणून नवरे काय काय करतात, ते मी साऱ्या सेक्टरात बघितलेलं आहे.

दुसरंही एक होतं. कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन वर्ष होत आलं होतं. जयू तेराव्याला आली आणि लगेच परत गेली. ट्रेनिंग बुडेल म्हणाली. मी ते मनात धरून ठेवलं. आईपेक्षा मोठा असा कोणता परवाना असतो, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

एजंटाने तिकीट हातात दिलं तर त्यावर शेवटचं गाव लंडन. मी परत त्याच्या दुकानात.

"भैया, मैंने कनाडा बोला था."

"अंकल, कनाडा में भी एक लंदन है."

"बेवकूफ समझा है क्या?"

तिथूनच जयूला फोन लावला. ती हसायलाच लागली. "खरंच आहे बाबा. नदीपण आहे, तिचं नावपण थेम्स." दुसऱ्याच्या गावाचं नाव, दुसऱ्याच्या नदीचं नाव. ज्यांना स्वतःचं नाव सुचत नाही त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा, हा विचार घेऊनच मी विमानात बसलो.

टोरांटो

विमानाचं काय सांगायचं? बसलो, उतरलो. खरी गंमत उतरल्यावर झाली. खिडकीवरच्या गोऱ्या साहेबाने विचारलं, फूड आहे का? मी म्हणालो, नो. लोणचं आणि कुरडया म्हणजे काही जेवण नव्हे. जेवण म्हणजे पोळी-भाजी. ती तर मी विमानातच संपवली होती.

पुढे बॅग उघडायला लावली. तिथे एक पंजाबी मुलगी होती, सरकारी कपड्यांत. तिने कैरीच्या लोणच्याची बरणी वर काढली, कुरडयांची पिशवी काढली, तिळाची चटणी काढली, आणि एकेक टेबलावर मांडत गेली. चोरीचा माल मांडतात तसं.

"बाबाजी, ये क्या है?"

"अचार है बेटा."

"अचार मना नहीं है. झूठ मना है. यहाँ जो पूछें, सच बता दिया करो. अगली बार जुर्माना लगेगा."

सगळं परत बॅगेत भरून दिलं तिने. पण माझ्या मागे लाईनीत माणसं उभी होती आणि त्यांच्यासमोर मी या वयात खोटारडा ठरलो होतो. मी तिथल्या तिथे ठरवलं, आता या देशात कोणी काहीही विचारो, खरं तेच सांगायचं. पुढे याच ठरावाने घोटाळा केला.

तिथून छोट्या विमानाने त्या दुसऱ्या लंडनला उतरलो, तर नितीन न्यायला आला होता. वाकून पाया पडला. फार वाकला, म्हणून मला संशय आला. रस्त्याला दोन्हीकडे मका. सपाट जमीन, नजर जाईल तिथवर मका, आणि शेतात माणूस औषधाला नाही. ना मचाण, ना राखणदार, ना कुत्रं. मी विचारलं, "पीक राखतं कोण?" नितीन म्हणाला, "कोणी नाही बाबा. कोण चोरणार?" जिथे कोणीच चोर नाही तिथे सगळेच चोर असतील, असं मला वाटलं.

तळघर

ते राहतात तळघरात. तळघर म्हटल्यावर मी हादरलो, पण खिडक्या आहेत, वरच्या अंगाला. त्यातून लोकांचे फक्त बूट दिसतात. वर घरमालक राहतो, टोनी, माझ्याच वयाचा इटालियन. त्याने अंगणात टमाटे लावलेले. मी जवळ गेलो की तो खुर्ची ओढून वाफ्याशी येऊन बसायचा. मला वाटायचं, हा मला चोर समजतो. त्याला काय वाटायचं देव जाणे. एक दिवस त्याने चार टमाटे हातात दिले आणि वर बोट करून म्हणाला, वाइफ. मीही वर बोट केलं. मग आम्ही तिथेच बसून राहिलो. त्याचे टमाटे आपल्या गावरान टमाट्यांसारखे आंबट नव्हते. मी जयूकडून गूळ न घालता भाजी करवून घेतली.

पण मुख्य गोष्ट जयूची. पहिल्या संध्याकाळी बघतो तर नितीन स्वयंपाक करतोय आणि माझी पोरगी टेबलाशी बसून राजमा मोजतेय. खोटं सांगत नाही. ताटलीत राजमा, हातात लोण्याची सुरी, आणि पाच-पाच दाणे सुरीने बाजूला ओढतेय.

"काय करतेस हे?"

"बोलू नका बाबा. मोजणं चुकतं."

मला वाटलं, आई गेल्यावर पोरगी डोक्यातून गेली. मग कळलं. तिकडे गोळ्यांचा पत्ता, म्हणजे ती चांदीची पट्टी, देतच नाहीत. मोठ्या डब्यातून सुट्या गोळ्या काढतात, पाच-पाच मोजतात आणि छोट्या बाटलीत भरून देतात. आपण पत्त्यावर नाव बघतो, तारीख बघतो, दुकानदाराने कैचीने कापून दिला तर तारखेचा तुकडा त्याने ठेवून तर घेतला नाही ना, हेही बघतो. सुटी गोळी म्हणजे कोणीही काहीही भरावं. मी म्हणालो, "यांच्या नकली गोळ्या कोण पकडतं?"

"मीच," जयू म्हणाली. "तेच तर शिकतेय."

जेवण झाल्यावर नितीन खोट्या चिठ्ठ्या आणि खोटी लेबलं करून तिच्यापुढे टाकायचा. त्यात मुद्दाम चुका. कुठे नावात एक अक्षर कमी, कुठे दिवसातून दोनदाच्या जागी तीनदा. तिने चूक पकडायची. नितीन हुशारीने चुका लपवायचा आणि ती पकडून काढली की तोच टाळ्या वाजवायचा. मी नीट लक्ष ठेवून होतो. पण ज्याला बायकोला खाली ठेवायचंय तो अशा टाळ्या वाजवेल, असं काही वाटेना. तरी मी विचारून टाकलं. भांडी घासत होता.

"जावईबापू, हिला टेक्निशियन तुम्ही केलंत?"

त्याने नळ बंद केला. "बाबा, मी म्हणत होतो फार्मासिस्टच हो. वाट बघू. तिनेच ऐकलं नाही. म्हणाली, औषधापासून इतकी वर्षं लांब राहिले तर हात विसरतील."

खरं असेल. नसेलही. पण भांडी त्याने चांगली घासली होती.

सरावासाठी मला कधी पेशंट करायचे. जयू टेबलापलीकडे उभी राहायची. "सर, तुमचं पूर्ण नाव?"

"तुझा बाप."

"बाबा, नीट."

"अगं, जिला नाव मी ठेवलं ती मला नाव विचारते?"

नितीन हसून हसून लाल. जयू मात्र हसायची नाही. तिने मला समजावलं. दुकानात मार्गारेट नावाची बाई तिच्यावर नेमलेली आहे. एकाने भरलेली बाटली जयूने तपासायची आणि जयूच्या तपासण्या मार्गारेटने तपासायच्या. ओळीने सगळ्या बिनचूक झाल्या पाहिजेत. एक मोठी चूक झाली की सगळं परत पहिल्यापासून. आणि स्वतः भरलेली बाटली स्वतः कधीच पास करायची नाही.

हे मला लगेच कळलं. कारखान्यात आमच्या शॉपमध्येही ज्याने पार्ट घडवला त्याने पास करायचा नाही, इन्स्पेक्शनचा माणूस वेगळा. मी विचारलं, "मग ही मार्गारेट चहा घेते का?"

"कॉफी घेते. स्वतःची स्वतः आणते."

"मग कठीण आहे," मी म्हणालो.

काउंटर

मी महिन्याभरासाठी म्हणून गेलो होतो. जयू म्हणाली, ट्रेनिंग संपेपर्यंत राहा. राहिलो, आणि सोबत नेलेल्या बीपीच्या गोळ्या संपल्या. भोपाळच्या डॉक्टरची चिठ्ठी तिकडे चालत नाही. नितीनने तिथल्या डॉक्टरकडे नेलं. माझे सगळे कागद त्यानेच पासपोर्ट बघून भरले. डॉक्टरणीने दंडाला पट्टा बांधला, त्याच गोळ्या लिहिल्या आणि चिठ्ठी परस्पर जयूच्या दुकानात पाठवून दिली. हातात काहीच दिलं नाही. हेही मला आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयू डबा भरता भरता म्हणाली, "बाबा, गोळ्या घ्यायला तुम्हीच या. चालत दहा मिनिटं आहे. पण आज मार्गारेट दिवसभर माझ्या पाठीशी उभी असणार. शेवटचे दिवस आहेत. आज चुकलं तर गेलं."

मी म्हणालो, "मी काय तुला अडचणीत आणणार? घरचा माणूस. माझ्यासारखं सोपं गिऱ्हाईक कोण?"

स्वच्छ शर्ट घालून गेलो. लाईनीत उभा राहिलो. जयू पांढऱ्या कोटात होती. तिच्या मागे मार्गारेट, उंच, केस पिकलेले, हातात पाटी आणि पेन. माझा नंबर आला. जयूने माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणाकडेही बघतात.

"तुमचं पूर्ण नाव, सर?"

सांगितलं.

"जन्मतारीख?"

आता इथे थोडं थांबून सांगावं लागेल. माझी पासपोर्टवरची तारीख आहे एक जुलै. ती तारीख मास्तरांनी घातलेली. शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा वडिलांना तारीख माहीत नव्हती, मास्तरांना घाई होती. आमच्या कारखान्यात अर्ध्या लोकांचा जन्म एक जुलैचा. तीस जूनला गेटवर रिटायर होणाऱ्यांची अशी रांग लागायची की फुलवाल्याकडे हार पुरत नसत. टाउनशिपमध्ये प्रत्येकाच्या दोन तारखा, एक नोकरीची आणि एक घरची. यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

माझी घरची तारीख कुसुमने शोधून काढली होती. माझ्या मावशीला आठवत होतं की मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला झालो. कुसुमने जुनं पंचांग मिळवलं, कोणाकोणाला विचारलं आणि ऑगस्टातली तारीख नक्की केली. त्या दिवशी ती पुरण घालायची. ती गेल्यावर ऑगस्ट आला आणि गेला. ती तारीख कोणाच्या तोंडून निघाली नव्हती.

माझ्या कानात पंजाबी मुलगी होती. झूठ मना है. समोर पेन घेऊन मार्गारेट. मी म्हटलं, हे लोक आपली परीक्षा घेताहेत. छाती काढून मी मराठीतच ऑगस्टातली तारीख सांगितली.

जयूचा हात पिशवीवर होता. तिथेच थांबला.

मला दिसलं की तिला सगळं कळलंय. ती तारीख तिला माहीत नसेल तर कोणाला? त्याच पुरणावर ती वाढली आहे. ती नुसती हो म्हणाली असती तरी भागत होतं. मागच्या बाईला मराठी काय कळणार?

"सर, तारीख जुळत नाही," जयू म्हणाली. "पत्ता सांगता?"

मी सोनागिरीचा पत्ता सांगितला. पिनकोडसकट. तळघराचा पत्ता मला कुठे पाठ?

"फोटो असलेलं काही ओळखपत्र आहे का?"

पासपोर्ट मी कोणाला दिसू नये म्हणून कुलपाच्या बॅगेत, बनियनच्या घडीत ठेवलेला. मी मराठीत ओरडलो, "जयू, अगं मी बाप आहे तुझा! सगळ्यांसमोर काय चालवलंयस?"

लाईनीतली माणसं बघायला लागली. मार्गारेट पुढे झुकून जयूला काही बोलली. जयूने मान हलवली, पिशवी उचलली आणि मागच्या टोपलीत ठेवून दिली.

"ओळखपत्र घेऊन या, सर. मी थांबवून ठेवते."

मी तिथून निघालो तो पार्किंगपाशी बाकावर जाऊन बसलो. मनात म्हटलं, झालं, पोरगी कागदाची झाली. आईच्या वेळीच कळायला हवं होतं.

संध्याकाळ

जयू घरी आली तेव्हा मी बूट घालूनच बसलो होतो. नितीन भात लावत होता.

"बाबा, ऑगस्ट का सांगितलात?"

"खरं सांगितलं. इथे खोटं चालत नाही म्हणतात ना?"

"मला माहीत आहे ती तुमची खरी तारीख आहे. पण मला माहीत असून चालत नाही. कागदावर आहे त्याच्याशी जुळली पाहिजे."

"कागद मोठा की बाप?"

"त्या काउंटरवर कागद."

तोंडावर म्हणाली. मग माझंही सुटलं. "बरोबर आहे. तेराव्याचं पान उचललं नाही तोवर तू विमानात होतीस. तेव्हाही तुला परवानाच दिसत होता. आई कोण लागते?"

नितीन मध्ये बोलायला गेला, तिने हाताने थांबवलं. पर्स खांद्यावरून काढलीच नव्हती, ती काढून खाली ठेवली.

"आई हॉस्पिटलात होती तेव्हा रोज मला फोन करायची. तुम्ही चहाला खाली गेला की करायची. एकदा नर्स शेजारच्या बाईचं इंजेक्शन घेऊन आईच्या बेडशी आली. आई ओरडली, नाव वाच आधी, नाव वाच, हे माझं नाही. फोनवर हसत सांगत होती मला. म्हणे, साऱ्या वॉर्डाला जागं केलं."

मला हे ठाऊक नव्हतं. कुसुमने मला सांगितलं नव्हतं. मी नर्सशी भांडलो असतो म्हणूनच सांगितलं नसणार.

"आई ओरडली म्हणून त्या दिवशी टळलं," जयू म्हणाली. "ज्याला ओरडता येत नाही त्याचं काय? मी त्या खिडकीवर इतकी वर्षं हात ओळखून गोळ्या दिल्या, बाबा. कधी चुकले असेन तर मला कळलंही नसेल. कोण सांगणार होतं?"

मग ती रडली. लहानपणी रडायची तशी, आवाज न करता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही हे ठरवेपर्यंत भात करपला आणि नितीन ओरडला. त्याचं एक बरं झालं, सगळ्यांना उठावं लागलं.

जेवताना मी विचारलं, "त्या बाईने काय लिहिलं?"

"माहीत नाही. सांगत नाहीत."

"चुकलं म्हणून लिहिलं असेल?"

"मी देऊन टाकली असती तर नक्की लिहिलं असतं."

गोळी न घेता झोपलो. सकाळी पासपोर्ट काढला आणि पुन्हा त्याच लाईनीत जाऊन उभा राहिलो. जयूने पुन्हा सगळं विचारलं, नव्या माणसाला विचारतात तसं. मी मास्तरांची तारीख सांगितली आणि पासपोर्ट पुढे सरकवला. तिने फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा फोटो. आपली पोरगी आपल्या तोंडाकडे इतक्या बारकाईने बघत नसते. दुकानाचा मुख्य फार्मासिस्ट आला, गोळी कशी घ्यायची ते त्याने सांगितलं. मी तिथेच बाटली उघडून गोळ्या पाहून घेतल्या. एकेकीवर बारीक अक्षरं ठोकलेली होती. कालच्या पिशवीतही याच होत्या. कुठे काही चूक नव्हती.

निघताना मार्गारेट काउंटरच्या बाहेर आली आणि माझ्याशी काही बोलली. जयूला मराठीत सांगावं लागलं, आणि तिला ते सांगायची लाज वाटत होती.

"म्हणतेय, माझा बाप असता तर मला जमलं असतं की नाही, माहीत नाही."

ही बाई खरं बोलली की म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलली, ते कळायला मार्ग नव्हता. मी मान हलवली आणि आलो.

परत सोनागिरी

जयूच्या तपासण्या पुऱ्या झाल्यावर मी परतलो. येताना बॅगेत टोनीच्या टमाट्यांचं बी होतं. दिल्लीला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

परवान्याचं पक्कं झालं तो फोन मी आल्यावर बऱ्याच दिवसांनी आला. जयूला धड बोलता येत नव्हतं. मी विचारलं, "आता काय बदललं?"

"आता माझी सही चालते, बाबा. मार्गारेटच्या सहीशिवाय."

"तू स्वतः भरलेल्या बाटलीवरपण?"

"नाही. त्यावर कधीच नाही."

परवाना दिला, पण तिच्यावरही पुरता भरवसा नाही ठेवला. ही गोष्ट मला आवडली.

संध्याकाळी पेढे आणले आणि गल्लीत वाटायला निघालो. आधी शर्माजींचं घर. ते माझ्याच शॉपमधले, तेही एक जुलैचेच. दारातच उभे होते.

"तो बिटिया वहाँ बड़ी डॉक्टर बन गई?"

"डॉक्टर नहीं. फार्मेसी टेक्निशियन. लाइसेंसवाली."

"ये क्या होता है?"

मी काउंटरवरची सगळी हकीकत सांगितली. तारीख जुळली नाही ते, सोनागिरीचा पत्ता सांगितला ते, सगळं. शर्माजींचा हात पेढ्यावर थांबला.

"दवा नहीं दी? अपने बाप को?"

"नहीं दी," मी म्हणालो. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. "सगे बाप को लाइन से खाली हाथ लौटा दिया."